पाच बाळंतपणांचा पुरावा

१२ जून १९७४, बुधवार. वसमत.
उषाचा निकाल आला. प्रथम श्रेणी. जीवशास्त्रात महाविद्यालयात पहिली. गुणपत्रिकेची बेरीज दोनदा पडताळून पाहिली, बरोबर आहे. ती इंदूच्या तसबिरीसमोर ठेवावी असे उषा म्हणाली. ठेवली. मला तेथे फार वेळ उभे राहवत नाही. इंदूला जाऊन सात महिने चार दिवस झाले.

औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज मागवला आहे. आईच्या आजारपणातच उषाने हे ठरवले होते, परंतु आज प्रथमच उघड बोलली. मी ‘विचार करू’ म्हणालो. विचार करण्यासारखे त्यात काहीही नव्हते; सवयीने म्हणालो.

१५ जून, शनिवार.
अर्जाचा नमुना आला. अंतिम मुदत १० जुलै, सायंकाळी पाच. सोबत जोडावयाच्या कागदांत चौथा : विद्यार्थिनी महाराष्ट्राच्या हद्दीत सलग पंधरा वर्षे राहत असल्याचे अधिवास प्रमाणपत्र. ते नसल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही, असे स्वच्छ छापले आहे.

‘मातेचे नाव’ या रकान्यात ‘सौ.’ लिहून झाल्यावर हात थांबला. खोडले. खाडाखोड झालेला अर्ज पाठवणे योग्य नाही. दुसरा नमुना मागवला आहे.

१७ जून, सोमवार.
तहसील कचेरी. अव्वल कारकून (पुढे अ. का.) यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

“लेकरू जन्मलं कुठं, सर?”

“भालकी. जिल्हा बिदर.”

“म्हंजी कर्नाटक.”

मी निवेदन केले की उषाच्या जन्माच्या दिवशी, म्हणजे १४ सप्टेंबर १९५६ रोजी, भालकी व वसमत ही दोन्ही गावे हैदराबाद राज्यात होती. सात आठवड्यांनी राज्यांच्या सीमा बदलल्या. त्या अवधीत मुलीचा एकंदर प्रवास पाळण्यापासून आजीच्या मांडीपर्यंत झालेला होता. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील रिवाज. माझे गाव भालकी आणि इंदूचे माहेरही तेथलेच; रिवाजाप्रमाणे ती माहेरी गेली, इतकेच. पुढे मला येथील शाळेत नोकरी लागली आणि जून १९५७ मध्ये आम्ही तिघे वसमतला आलो.

“ते मला ठावं हाय, सर. पण कागदाला ठावं न्हाई. पंधरा वर्सं म्हंजी एकोणसाठपासून मोजा. साली एक तरी कागद आणा. मग डोमिसाईल देतो.”

१९ जून, बुधवार.
जमाखर्च मांडावा तसे मांडून पाहिले. जून १९६२ पासून पुढे शाळा व महाविद्यालय मिळून बारा वर्षे उषाचे नाव पटावर आहे. जून १९५९ ते जून १९६२ या तीन वर्षांचे काहीही नाही. शिधापत्रिका नवी घेताना जुनी जमा केलेली. घरमालक वारले, त्यांनी पावती कधी दिली नाही, मीही मागितली नाही. मतदारयादीत लहान मूल असत नाही.

माझी सेवापुस्तिका तेवढी आहे. वसमत येथे सतरा वर्षे अखंड सेवा. उद्या तीच नेतो. बाप येथे होता तर मूल कोठे असणार?

२० जून, गुरुवार.
अ. का. यांनी सेवापुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. कायमचा पत्ता : मु. पो. भालकी. दर पाच वर्षांनी तपशील तपासून मी सही केलेली. तिन्ही वेळा भालकी. रजेचे अर्ज. एप्रिल १९६० : ‘स्वग्रामी जाणे आवश्यक.’ एप्रिल १९६१ : ‘कुटुंबासाठी स्वग्रामी जाणे आवश्यक.’

“सर, तुमच्याच हातचं हाय. कुटुंब स्वग्रामी. आता मी काय समजू?”

कुटुंबासह जाणे असे मला म्हणावयाचे होते. ‘गाव कोणते’ असे विचारल्यावर मी नेहमी भालकीच सांगत आलो. मनुष्य नोकरी कोठेही करो, गाव म्हणजे वाडवडिलांचे. दुसरे काही लिहिणे मला खोटे वाटले असते.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्या भाच्याला तुमी गणितात तीन मार्कांनी नापास केलं व्हतं. मी शाळेत आलो व्हतो, तीन मार्कांसाठी. तुमी म्हणले, नियम म्हंजी नियम. मला त्याचा राग न्हाई, सर. नियम बराबर हाय. म्हणूनच म्हणतो, कागद आणा.”

गुण बरोबर दिले होते.

२२ जून, शनिवार.
कागद नसेल तर दुसरा मार्ग : तलाठ्यासमक्ष पाच पंचांचे जबाब. पंच त्या काळापासून येथे राहणारे असावेत आणि त्यांनी साल निश्चित सांगावे. अ. का. यांनी आपण होऊन सुचवले. मनुष्य वाईट नाही.

गल्लीतील पाच गृहस्थांना भेटलो. पाचही जण हो म्हणाले.

उषाने रात्रीच्या जेवणास पिठले केले. “बाबा, आई या सगळ्यांना ओळखायची. तुम्ही आज पहिल्यांदा गेलात त्यांच्याकडे.” मी म्हणालो, तसे नाही. तसेच आहे.

२५ जून, मंगळवार.
तलाठी आले. ओट्यावर सतरंजी घातली. पाच गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून बसले.

पहिले म्हणाले, सर फार पूर्वीपासून आहेत. साल? ते काही सांगता यायचे नाही. दुसरे म्हणाले, एकोणसाठ किंवा त्रेसष्ट. तिसऱ्यांनी मुलगी तेव्हा चौथीत असावी असे सांगितले. ती तेव्हा तीन वर्षांची होती. चौथ्यांनी आपण त्या काळी नांदेडला नोकरीस होतो, हे जबाबाच्या मध्यावर आठवून सांगितले. पाचवे चौथ्यांकडे पाहून उठले.

तलाठी म्हणाले, “सर, ‘अंदाजे एकोणसाठ’ असं लिहून टाकू?”

मी नको म्हणालो. मुलीच्या आयुष्याचा पहिला मोठा कागद अंदाजाने लिहिला जाऊ नये. उषा आत निघून गेली. दार आपटले नाही. आपटले असते तर बरे वाटले असते.

तलाठी कागद गुंडाळत असताना समोरच्या दारातून गयाबाई बोलल्या. नगरपालिकेच्या दवाखान्यात आया आहेत. वीस वर्षे झाली. सतरा वर्षे समोर राहून माझे त्यांच्याशी ‘नमस्कार’ यापलीकडे बोलणे नाही. सगळे इंदूमार्फत.

“मास्तर, बाप्यांना काहून इचारता सन? त्यांना सोताच्या लेकराचं वय धड सांगता येत न्हाई. बायांना इचारा की.”

तलाठी हसले. “बाई, तुमाला सन येतो का?”

“सन न्हाई येत. बाळंतपण येतंय.”

२६ जून, बुधवार.
काल पुढे जे घडले ते नीट लिहून ठेवले पाहिजे.

गयाबाई ओट्यावर आल्या आणि उभ्यानेच सांगू लागल्या. “आमी दीक्षा घेतली त्याच्या म्होरल्या साली हे लोक आले. ही पोरगी तवा रांगत व्हती. माझा मिलिंद झाला तवा ही चालत व्हती. माझ्या बाजेपाशी येऊन त्याच्या डोळ्यांत बोट घालायची. इंदूबाईनं सव्वा महिना माझं जेवण केलं. आमच्या घरचं पाणी पिणारी या गल्लीतली पहिली बाई ती.”

“मिलिंद कधीचा?” तलाठी.

“पेरण्या झाल्या, अन्‌ मंग झाला.”

“कोणत्या साली?”

“ते मिलिंदच्या शाळेत लिवलंय. तुमी वाचा. तुमाला येतंय की वाचाया.”

मिलिंद धावत जाऊन शाळेचा दाखला घेऊन आला. जन्म ९ जुलै १९५९.

तलाठ्यांनी गुंडाळलेले कागद पुन्हा उलगडले. तोवर गल्लीतील आणखी चौघी ओट्यापाशी येऊन आपापले सांगू लागल्या होत्या; त्यांचे जबाब पुढच्या दोन-तीन दिवसांत लिहून घेण्याचे ठरले.

येथील स्त्रिया काळ कसा मोजतात हे मला गणिताबरोबर इतिहासही शिकवीत असून ठाऊक नव्हते. कोणीही साल सांगितले नाही. प्रत्येकीने आपले बाळंतपण सांगितले, त्यात उषा कोठे होती ते सांगितले, आणि त्या मुलाचा जन्मदिनांक कागदावर होताच. माझ्या मुलीचा कागद नव्हता. परंतु गल्लीतील दुसऱ्या प्रत्येक मुलाच्या कागदाच्या बाजूला ती उभी होती.

२७ जून, गुरुवार.
आज दोन जबाब.

कालिंदीबाई, देवळाच्या पुजाऱ्यांच्या पत्नी : “आमच्या सुधीरच्या बारशाला पाळण्याखालून मुलाला देताना ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ चाललेलं, तर ही उषा म्हणाली, मला घ्या. पाळण्यात बसायचं म्हणून तिनं इतका हट्ट केला की आधी तिला बसवावं लागलं, मग सुधीरला. पाळण्याची एक दोरी तुटली. अजून तशीच गाठ मारलेली आहे. पाहायची असली तर चला.”

तलाठी खरोखरच पाहून आले. गाठ आहे. सुधीरचा जन्म फेब्रुवारी १९६०.

रसूलबी, पलीकडच्या घरच्या : “मेरा यूनुस हुआ तो इंदूबाई ने चालीस दिन दूध भेजा. इसी लडकी के हाथ से. आधा रस्ते में गिराती थी, आधा खुद पीती थी. मैं इंदूबाई से बोली, दूध मत भेजो, लडकी को ही भेजो, उसी को देख के पेट भरता है.”

तलाठ्यांनी विचारले, यात शपथेवर काय लिहू? मी म्हणालो, सर्व लिहा. यूनुसचा जन्म डिसेंबर १९६०.

उषा दारात उभी राहून ऐकत होती. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. तिला मी आजवर साडीत नीट पाहिले नव्हते.

२८ जून, शुक्रवार.
उरलेले दोन जबाब शिंपीकाकांच्या पत्नी व तेलीगल्लीच्या कोपऱ्यावरील भागीरथीबाई यांचे. पहिलीची मुलगी ऑगस्ट १९६१, दुसरीचा मुलगा मार्च १९६२. जून १९५९ ते जून १९६२, एकही वर्ष रिकामे राहिले नाही. मी पाचही तारखा एका रेषेवर मांडून पाहिल्या. पाच बायकांनी ठरवून मुलांना जन्म दिला असता तरी याहून व्यवस्थित झाले नसते.

शिंपीणकाकूंनी जाताना सांगितले, “तुमी उन्हाळ्यात गावाला गेलात की इंदूबाई चार दिसांत परतायच्या. म्हणायच्या, तिकडं करमत न्हाई.” मी सुटी पूर्ण करून येत असे. ती आधी का येते हे विचारल्यावर ती म्हणे, घराला कुलूप बरे नव्हे. मी ते खरे मानले.

१ जुलै, सोमवार.
कचेरी. अ. का. यांनी जबाब वाचले. चष्मा काढला.

“सर, पाची बाया?”

“होय.”

“दोघींचे अंगठे.”

“अंगठा ग्राह्य असतो.”

“नियमात ‘प्रतिष्ठित पंच’ म्हणलंय.”

“पंच पुरुष असावा असे म्हटलेले नाही. मी नियम नकलून आणला आहे.” नक्कल टेबलावर ठेवली. सतरा वर्षे नियमांवर बोट ठेवून ज्यांना परत पाठवले, त्यांच्या बाजूने बसून नियम वाचण्याची ही माझी पहिली वेळ.

ते म्हणाले, साहेबांसमोर पंच हजर राहिले पाहिजेत. बुधवारी अकरा वाजता. येतील का बाया कचेरीत?

संध्याकाळी गयाबाईंना विचारले. “का न येतील? लेकरांना बी आणतो. पुरावा हाय तो.”

३ जुलै, बुधवार.
अकरा वाजता पाच स्त्रिया, त्यांची पाच मुले, उषा आणि मी. मुलांनी शाळेचे गणवेश घातले होते. वयाप्रमाणे रांगेत उभी राहिली. कोणी सांगितले नव्हते.

अ. का. म्हणाले, “हे काय, शाळाच भरवली की.”

गयाबाई : “साहेब, तुमची थोरली पोरगी दवाखान्यात झाली तवा कंदील माझ्या हातात व्हता. तुमी भायेर चकरा मारून राहिले व्हते. सांगू का कंचं साल?”

“नको.” कचेरी हसली. तेही हसले.

तहसीलदार तरुण आहेत, कोकणाकडील. त्यांनी एकेकीला प्रश्न विचारला, एकेका मुलाचा दाखला पाहिला. रसूलबींच्या जबाबाशी थांबले, दुधाचा भाग पुन्हा वाचला, उषाकडे पाहिले. उषा लाजली. मग म्हणाले, “माझ्या कचेरीत पुरुष पंचांचे जबाब रोज येतात. सगळे ‘अंदाजे’ आणि ‘सुमारे’. महिन्यांसह तारखांची साखळी असलेले हे पहिलेच पाहतो आहे. मान्य.”

त्यांनी तो शब्द उच्चारताच भागीरथीबाईंनी उषाच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली, दृष्ट काढली. कचेरीत बोटे मोडल्याचा तो आवाज मी विसरणार नाही.

नंतर तहसीलदारांनी मला थांबवले. बाकीच्या बाहेर गेल्या.

“गुरुजी, एक कागद तुमचा हवा. मुलीचा अधिवास वडिलांवरून धरतात. राहिलात हे सिद्ध झाले. आता कायमचे येथेच राहण्याचा तुमचा इरादा आहे, असे प्रतिज्ञापत्र. सेवापुस्तिकेत तर भालकी आहे.”

लेखणी हातात घेतली. हा प्रश्न इंदूने मला सोळा वर्षे विचारला. जागा घेऊ या, एक झाड लावू या. मी दर वेळी म्हणत असे, आपण नोकरीपुरते आलो आहोत. ती वाद घालीत नसे. शेवटच्या आजारात भालकीला नेण्यासाठी मी मोटार ठरवली, तेव्हा मात्र ती स्पष्ट म्हणाली, “मला माझ्या गावातच राहू द्या.” तापात बोलते आहे असे मला वाटले. मी मोटार परत पाठवली ती केवळ तिची प्रकृती पाहून.

प्रतिज्ञापत्रावर सही केली. मुलीसाठी म्हणून खोटे लिहिले नाही. लिहिताना खरे झाले.

४ जुलै, गुरुवार.
दादांना भालकीस पत्र टाकले. वडीलबंधूंना अंधारात ठेवून गाव बदलणे योग्य नाही.

शाळेत सेवापुस्तिकेतील पत्ता दुरुस्त करण्याचा अर्जही दिला. मुख्याध्यापक म्हणाले, निवृत्तीला नऊ वर्षे राहिली, आता कशाला? मी म्हणालो, चूक आढळल्यावर दुरुस्त करावी.

६ जुलै, शनिवार. हिंगोली.
प्रमाणपत्रावर उपविभागीय अधिकाऱ्यांची सही होते, म्हणून हिंगोलीस आलो. बसमध्ये उभ्याने. शिरडशहापूरपुढे चाक चिखलात रुतले. प्रवाशांबरोबर मीही खाली उतरून ढकलले. उषा खिडकीतून म्हणाली, “बाबा, धोतर!” मी म्हणालो, असू दे.

दुपारी साडेतीनला सही. शिक्का गोल, जांभळा, एका बाजूस किंचित पुसट. नाव, वडिलांचे नाव, राहणार वसमत. सर्व बरोबर.

कचेरीच्या पायऱ्यांवर उषाने ते मोठ्याने वाचले. मग म्हणाली, “आणखी एकदा वाचू?” वाच, म्हणालो. रस्त्यावरचे लोक पाहत होते. पाहू देत.

परतताना पाच घरांसाठी पेढे घेतले. सहावी पुडी अव्वल कारकुनांसाठी. काम झाल्यानंतर देतो आहे, तेव्हा आक्षेपार्ह नसावे.

८ जुलै, सोमवार. औरंगाबाद.
अर्ज समक्ष दाखल केला. मुदतीच्या दोन दिवस आधी. खिडकीतील लिपिकाने कागद मोजले, चौथ्यावर थांबला. “सोबत एवढे जबाब कशाला जोडलेत? नुसतं प्रमाणपत्र पुरे होतं.” मी म्हणालो, असू द्या. पोच मिळाली.

उषाने इमारत लांबून पाहिली. आत जाऊ का, विचारले. अजून नको, मीच म्हणालो. मग वाटले, का नको? गेलो. पांढरे डगले घातलेल्या दोन मुली जिन्यावरून हसत उतरत होत्या. त्यांनी उषाला वाट दिली.

१५ जुलै, सोमवार.
दादांचे उत्तर. भीत भीत फोडले. चारच ओळी. ‘तुझा निर्णय कळला. सौ. इंदूने हे मला सन ६५ च्या दिवाळीतच सांगितले होते : भावजी, हे वसमतचेच झाले आहेत, त्यांना अजून कळायचे आहे. तुझ्या वाटणीच्या खोलीत तूर्त कडबा भरतो. आलास की रिकामी करू.’

दादांनी ‘सौ.’ लिहिले आहे. मी दुरुस्त केले नाही.

वाचून बराच वेळ हसलो. उषा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले मला काही झाले.

१८ जुलै, गुरुवार.
अ. का. घरी आले, प्रथमच. रहिवासी दाखल्यांसाठी बायकांचे जबाब घेण्याची नवी पद्धत साहेबांनी सुरू केली आहे. दोन प्रकरणे आली आहेत, प्रश्न कसे विचारावेत ते तलाठ्यांना मी शिकवावे, अशी विनंती. एक साखरा गावाकडून आलेले कुटुंब, एक तेलंगणातून आलेले. होकार दिला. गयाबाईंना बरोबर घेईन असेही सांगितले. “त्या असल्या म्हंजी माझं काम अवघड हाय,” ते म्हणाले, परंतु नाही म्हणाले नाहीत.

जाताना, “भाचा आता वीज मंडळात हाय, सर. गणित सुधारलं त्याचं.”

२२ जुलै, सोमवार.
आज प्रवेशाची यादी औरंगाबादेस लागणार. शाळेत तपासणी असल्याने मला जाता आले नाही. उषाबरोबर गयाबाई गेल्या, रजा टाकून. पहाटे बसमध्ये चढताना वाहकाला म्हणाल्या, “पोरीला खिडकी दे. डॉक्टरीण हाय.” उषा म्हणाली, “मावशी, अजून नाही.” “तो कुठं यादी वाचून आलाय?”

तार करा, असे मी सांगितले होते. गयाबाईंनी साफ नाकारले. “तार आली की लोकं आधी रडतात, मंग वाचतात. आमी येऊनच सांगू.”

तिचे गुण पुरेसे आहेत. गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहिले. चार गुण वर आहेत. यंदा अर्ज अधिक आहेत असे ऐकतो. कागदात उणे काढण्यासारखे काही उरलेले नाही. एवढे मात्र ठाम लिहितो : यादीत नाव असो वा नसो, ती परकी म्हणून कोणी वगळणार नाही.

सायंकाळी सहा. बस साडेसहाला येते. कालिंदीबाई, रसूलबी, शिंपीणकाकू व भागीरथीबाई आपणहून आल्या व ओट्यावर बसल्या आहेत. पानाचा डबा उघडला आहे. मी चहा केला. साखर जास्त पडली असे चौघींनीही तोंडावर सांगितले. त्या मोठ्याने बोलत आहेत. हॉस्टेलला जाताना उषाला कोणी काय द्यायचे यावर भांडण चालले आहे. नाव लागले आहे असे गृहीत धरून.

“सर, लिहिणं पुरे झालं,” कालिंदीबाई. “बाहेर बसा.”

येतो, असे सांगितले आहे.

बसचा कर्णा वाजल्यासारखा वाटला. बाहेर पानाचा डबा मिटला, चौघीही ओट्यावरून उतरल्या. लेखणी ठेवतो.